कन्व्हर्टिबलच्या छताच्या केबल झिजल्यावर काय करावे

कापडी छताच्या कन्व्हर्टिबल गाडीत छताची तक्रार बहुधा कापडावरून सुरू होते. वेग वाढला की कड फडफडते, दाराच्या काचेच्या वरच्या बाजूला शीळ वाजू लागते आणि पाऊस आला की नेमके खांद्यावर पाणी ठिबकते. मालक नवे कापड बसवण्याचा खर्च विचारत फिरतो. पण दोष पुष्कळदा कापडाचा नसून त्याच्या कडेच्या शिवणीत दडलेल्या बारीक तारेचा असतो. ही तार स्वस्त असते, पण तुटलेल्या तारेसह छत उघडझाप करत राहिल्यास सैल झालेली कड सांगाड्याच्या बिजागरीत सापडते आणि चांगले कापड फाटते. कापडाचा खर्च तारेच्या कितीतरी पट असल्यामुळे संशय येताच छत हलवणे थांबवून पाहणी करावी.

छतात केबल दोन वेगवेगळ्या कामांसाठी वापरली जाते आणि आपल्या गाडीतली कोणती बिघडली आहे हे ठरवल्याशिवाय सुटा भाग मागवू नये. पहिली ताणाची केबल. प्लॅस्टिकचे आवरण असलेली ही तार दोन्ही बाजूंच्या खिडक्यांवरून, कापडाच्या कडेला शिवलेल्या नेफ्यातून, पुढच्या कोपऱ्यापासून मागच्या सांगाड्यापर्यंत जाते आणि तिच्या एका टोकाला स्प्रिंग असते. छत घडी होताना तार ढिली पडते, वर येताना स्प्रिंग तिला ओढून कड रबरावर दाबून धरते. दुसरी चालक केबल, जी मोटरची फिरकी बाजूच्या गिअरबॉक्सपर्यंत नेते. हाताने उघडणाऱ्या जुन्या माझ्दा एमएक्स-५ मध्ये फक्त पहिली असते. पोर्शे बॉक्स्टरच्या ९८६ या पहिल्या पिढीत दोन्ही असतात. ज्या गाड्यांचे छत हायड्रॉलिक पंपावर चालते, त्यांत चालक केबलचा प्रश्नच येत नाही. तिथे तेलाची गळती शोधावी.

ताणाच्या केबलची परीक्षा सोपी आहे. छत पूर्ण बंद करून खिडकीच्या वरची कड मधोमध दोन बोटांनी बाहेर ओढावी आणि सोडावी. ती झटकन जागेवर बसली तर केबल आणि स्प्रिंग दोन्ही ठीक आहेत. सावकाश परतली किंवा लोंबत राहिली तर एकतर स्प्रिंग थकली आहे, नाहीतर तार सैल झाली आहे. दुसऱ्या बाजूशी तुलना केली की फरक लगेच हाताला कळतो. त्यानंतर पुढचे हूक सोडून छत वीतभर उचलावे आणि कोपऱ्यातले तारेचे टोक टॉर्चच्या उजेडात पाहावे, कारण तार सर्वांत आधी इथे, तिच्या टोकाचा डोळा म्हणजे गोल फास रिव्हेटभोवती जिथे वळतो तिथे, झिजते. आवरणाला चीर, चिरेतून तांबूस गंज आणि एखाददुसरा उभा राहिलेला तंतू दिसला, तर ती तार फार दिवस टिकणार नाही. तपासताना जाड हातमोजे घालावेत. तुटलेला तंतू बोटात खोल घुसतो.

याच वेळी कापडही पारखून घ्यावे. नेफ्याची शिवण नखाने खरवडल्यावर दोरा सुटत असेल किंवा कापड भुसभुशीत झाले असेल, तर नव्या केबलचा ताण ते सहन करणार नाही. तेव्हा पूर्ण छत बदलण्याचाच विचार करावा. काही तयार छतांत केबल आधीच ओवलेल्या येतात, त्यामुळे मागवण्यापूर्वी तेवढे विचारून घ्यावे.

ताणाची केबल बदलण्याचे काम कष्टाचे नाही, पण सावकाश करण्याचे आहे. जुन्या एमएक्स-५ ची मागची खिडकी प्लॅस्टिकची असेल तर छत मागे नेण्यापूर्वी तिची चेन उघडावी, नाहीतर घडीच्या जागी प्लॅस्टिक तडकते. छत अर्धवट उघडून सांगाड्याला आधार द्यावा. या स्थितीत केबलवर ताण नसतो. मोटरवर चालणारे छत असेल तर ते या स्थितीत आणल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. पुढच्या पट्टीचे रबर आणि त्याखालची धातूची पट्टी काढली की कोपऱ्यात चिकटवलेले कापड दिसते. ते लागेल तेवढेच सोडवावे. रिव्हेटचे डोके ड्रिलने उडवताना कापडावर लाकडाची पातळ पट्टी धरावी, कारण ड्रिल घसरला तर कापडाला भोक पडते.

आता महत्त्वाची गोष्ट. जुनी तार ओढून काढण्यापूर्वी तिच्या टोकाला पातळ, मजबूत दोरी चिकटपट्टीने घट्ट बांधावी आणि मग दुसऱ्या टोकाकडून तार ओढावी, म्हणजे तार बाहेर येते आणि दोरी नेफ्यात राहते. त्याच दोरीने नवी तार आत ओढून घेता येते. पायजम्याची नाडी नेफ्यातून निसटल्यावर काय होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या पायरीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तार आधीच तुटली असेल तर दोन्ही तुकडे दोन बाजूंनी काढावेत आणि टोक गोल वळवलेली ताठ वायर आत सरकवून तिच्यामागे दोरी न्यावी. नवी केबल बसवताना स्प्रिंगही नवी घ्यावी आणि एकच बाजू तुटली असली तरी जोडी बदलावी. दोन्ही तारांनी सारखेच ऊन-पाऊस खाल्लेले असतात, शिवाय ताण असमान राहिला तर छत एका अंगाला ओढले जाते.

तयार केबल मिळत नसेल तर करून घेता येते. सात पेडांची, प्रत्येक पेडात सात तंतू असलेली स्टेनलेस स्टीलची आवरण घातलेली तार घ्यावी. ती घडीला लवचीक असते आणि कोकणच्या खाऱ्या हवेत साध्या पोलादापेक्षा जास्त टिकते. लांबी शाबूत बाजूच्या केबलवरून, स्प्रिंग ढिली असताना मोजावी. टोकाचा डोळा योग्य मापाच्या नळीत दाबयंत्राने पक्का करावा, पकडीने चेपू नये. सायकलच्या ब्रेकचे इनर घालण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. घरी पोहोचेपर्यंत तो चालतो, पण उघडी तार नेफ्याला आतून करवतत राहते आणि स्क्रूचा क्लॅम्प कापडाला घासून भोक पाडतो. म्हणून तो कायमचा ठेवू नये.

बॉक्स्टरची चालक केबल हा निराळा विषय आहे. सीटच्या मागे मधोमध असलेल्या मोटरमधून दोन लवचीक केबल दोन्ही बाजूंच्या गिअरबॉक्सकडे जातात. इनरचे, म्हणजे आत फिरणाऱ्या तारेचे, चौकोनी टोक झिजून गोल होते किंवा आऊटर, म्हणजे तिचे बाहेरचे आवरण, मोटरच्या तोंडातून मागे सरकते, आणि मग मोटर फिरते पण एकच बाजू हलते. छत तिरपे होताना दिसले की बटणावरचे बोट तत्काळ उचलावे. ‘अजून एकदा दाबून पाहू’ या मोहात सांगाडा पिळवटतो आणि प्लॅस्टिकचे सांधे निखळतात. त्यानंतर काम केबलपुरते राहत नाही. रस्त्यात अडकल्यास मोटरकडचे टोक सोडवून मागे पडलेल्या बाजूचे इनर ड्रिलच्या अगदी मंद गतीने फिरवता येते आणि छत बंद करता येते. टोक नुसते मागे सरकले असेल तर ते जागेवर बसवून पक्के करणे पुरते. टोक गोल झाले असेल तर केबल बदलावी. पुन्हा जोडण्यापूर्वी दोन्ही गिअरबॉक्स एकाच स्थितीत आहेत की नाहीत हे नीट पाहावे. एक बाजू थोडी पुढे राहिली तरी नवी केबल पहिल्या दिवसापासून जास्तीचा भार ओढते.

गॅरेजकडे जायचे असेल तर ताणाच्या केबलसाठी मेकॅनिकपेक्षा सीट आणि हूड शिवणारा चांगला कारागीर अधिक उपयोगी पडतो. चालक केबलचे काम मात्र त्या गाडीचे छत आधी खोललेल्या माणसाकडेच द्यावे.

काम संपल्यावर पुढचे कापड उष्णता सहन करणाऱ्या चिकटद्रव्याने चिकटवून छत दिवसभर बंद ठेवावे. नेफ्यात तेल किंवा ग्रीस घालू नये. ते कापडात उतरते आणि जवळचे चिकटद्रव्य सोडवते. दुसऱ्या दिवशी पाइपने पाणी मारावे, खालून सुरुवात करून हळूहळू वर जावे आणि एकाला आत बसवून कोपऱ्यांवर बोट फिरवायला सांगावे. ओल पुढच्या कोपऱ्यात आली तर रबर पुन्हा बसवावे. खिडकीच्या मध्यावर आली तर ताण अजून कमी आहे, तेव्हा स्प्रिंगचे टोक आणि केबलची लांबी पुन्हा तपासावी.