दिनविशेष कसा तयार करावा: १९ फेब्रुवारीचे उदाहरण

शाळेच्या परिपाठासाठी किंवा ग्रंथालयाच्या फलकासाठी दिनविशेष लिहायचा असेल, तर आयत्या यादीतून दहा-बारा नोंदी उतरवून घेऊ नयेत. चार-पाच नोंदी निवडाव्यात आणि त्यांतील प्रत्येक तारीख कोणत्या कालगणनेतून आली आहे, हे आधी तपासावे. १९ फेब्रुवारी हा दिवस या कामाचा उत्तम वस्तुपाठ आहे.

या दिवशी पहिला मान शिवजयंतीचा, आणि तपासणीही तेथूनच सुरू करावी. जुन्या मराठी साधनांत इसवी तारीख नसते; शक, महिना, पक्ष, तिथी आणि बहुधा वार असतो. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडील शकवार घटनांच्या नोंदीत, महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा नोंदलेला आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सूत्र आपण शिकलेले असतो, परंतु ते चैत्रापासून साधारण पौषापर्यंतच लागू पडते. फाल्गुनापर्यंत इसवी वर्ष बदललेले असल्यामुळे येथे ७९ मिळवावे लागतात आणि १६३० हे वर्ष मिळते. यानंतर वार ताडून पाहावा. आजची ग्रेगरियन गणना मागे नेली, तर १९ फेब्रुवारी १६३० रोजी मंगळवार येतो आणि शुक्रवार १ मार्चला येतो. यावरून तारीख चुकली असे समजू नये. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन, म्हणजे ग्रेगरियनच्या आधीच्या जुन्या गणनेतील तारीख आहे. ती गणना इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत चालू होती आणि सतराव्या शतकात दोन्ही गणनांत १० दिवसांचे अंतर होते. ते अंतर धरले की तिथी, वार आणि तारीख नेमकी जुळतात. तिथी, वार आणि तारीख असा तिहेरी मेळ बसवता येणे, हा मला या कामातला सर्वांत मोठा आनंद वाटतो.

महाराजांच्या जन्मासाठी शके १५४९ मधील वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथीही पूर्वी प्रचलित होती. राज्य शासन १९ फेब्रुवारी पाळते, तर अनेक ठिकाणी जयंती तिथीनुसार साजरी होते. त्यामुळे फलकावर तारखेखाली तिथी अवश्य लिहावी.

खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसचा जन्म १९ फेब्रुवारी १४७३ रोजी पोलंडमधील तोरून येथे झाला. ग्रेगरियन गणना १५८२ मध्ये आली, म्हणजे ही तारीखही ज्युलियनच आहे आणि ती तशीच ठेवण्याचा प्रघात आहे.

क्रियापदाकडेही तितकेच लक्ष द्यावे. ‘१९ फेब्रुवारी १८७८ रोजी एडिसनने फोनोग्राफचा शोध लावला’ हे विधान चुकीचे आहे, कारण आवाज मुद्रित करून पुन्हा ऐकवणारे हे यंत्र १८७७ मध्येच तयार झाले होते आणि या दिवशी त्याचे पेटंट मिळाले. शोध, पेटंट, उद्घाटन, प्रकाशन या वेगवेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्या तारखाही वेगवेगळ्या असतात.

दूरच्या देशातील घटनेला तेथील स्थानिक तारीख द्यावी. १९४२ मध्ये जपानी विमानांनी ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदरावर बॉम्बहल्ला केला, तेव्हा तेथे १९ फेब्रुवारीची सकाळ होती, पण वॉशिंग्टनमध्ये १८ तारखेची संध्याकाळ चालू होती. नोंद १९ तारखेलाच करावी.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात निधन झाले. या नोंदीसाठी ‘स्मृतिदिन’ किंवा ‘पुण्यतिथी’ असा शब्द स्पष्ट लिहावा, कारण नुसते नाव आणि वर्ष दिले, तर जयंतीच्या नोंदीखाली वाचणाऱ्याला तो जन्मदिन वाटतो. ‘थोर नेते’ एवढ्यावरही थांबू नये. त्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाजाची स्थापना केली, १९११ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि ते नाकारले गेले. हे शेवटचे वाक्य शाळेच्या फलकावर असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ज्या मुलांसाठी तो फलक लिहिला जातो, त्यांच्याच शिक्षणाचा तो प्रश्न होता.

मजकूर फलकावर गेल्यावर तो एका वहीतही उतरवावा आणि प्रत्येक नोंदीसमोर मूळ साधन, तिथी असल्यास तिथी, आणि ज्युलियन की ग्रेगरियन हे लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी काम करणाऱ्याला ही तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार नाही.