कॅमेरा कुठला घेऊ? आधी मोबाईल कुठे कमी पडतो ते बघा

कोणी विचारलं ना "कॅमेरा कुठला घेऊ" की मी उलट विचारतो, मोबाईल नेमका कुठे कमी पडतोय? उन्हात काढलेले फोटो मोबाईलवरच बघायचे असतील तर नवा कॅमेरा घेऊनही फार फरक दिसणार नाही, चार दिवस हौस आणि मग कपाटात. पण झाडावरचा पक्षी नुसता ठिपका येतोय, घरात पळणारं पोरगं दर वेळी हललेलंच येतंय, अशी ठराविक तक्रार असेल तर निवड सोपी होते.

पक्षी, चंद्र, लांबचं काहीही, आणि लेन्स बदलायचा कंटाळा, तर ब्रिज कॅमेरा. दिसतो डीएसएलआरसारखा (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला मोठा कॅमेरा) पण याची लेन्स निघत नाही. निकॉन पी१००० चा झूम तर १२५ पट आहे! आता एवढा झूम एवढ्याशा डब्यात बसतो कसा, तर आतला सेन्सर (ज्यावर प्रकाश पडून फोटो बनतो ती चिप) नखाएवढा, साधारण ६ × ४.५ मिमी, आणि फुल फ्रेम म्हणतात त्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात तो असतो ३६ × २४ मिमी. लहान सेन्सरवर प्रकाश कमी पडतो, म्हणून सकाळच्या उन्हात फोटो मस्त येतात आणि अंधारून आलं की सगळे दाणेदार.

खिशात मावणारा कॉम्पॅक्ट हवा असेल तर निदान १ इंच सेन्सरवाला बघा (१ इंच नुसतं नावाला, खरं माप १३.२ × ८.८ मिमी, ते नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या ट्यूबवरून पडलंय). त्याहून लहान असेल तर मोबाईलच बरा.

आता नेहमीचं भांडण, डीएसएलआर की मिररलेस. डीएसएलआरमध्ये लेन्समधलं दृश्य आरशावरून थेट डोळ्याला दिसतं, मिररलेसमध्ये आरसाच नाही, सेन्सरला जे दिसतं तेच छोट्या स्क्रीनवर येतं, त्यामुळे फोटो काळा येणार की पांढराफटक हे क्लिक करायच्या आधीच कळतं आणि नवशिक्यांसाठी हे फार कामाचं आहे. शिवाय नवीन मॉडेल्समध्ये माणसाच्या डोळ्यावर फोकस आपोआप धरला जातो. बॅटरी मात्र लवकर उतरते, एक जादा ठेवाच. नव्या लेन्सही आता जवळपास सगळ्या मिररलेससाठीच येतायत, म्हणून नवीन घेणार असाल तर मी मिररलेसच सांगेन. बजेट कमी असेल तर सेकंडहँड डीएसएलआर अजूनही झकास, फक्त शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) विचारा आणि लेन्सला आतून बुरशी नाही ना ते उजेडात धरून बघा.

आणि सगळे पैसे बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यात, घालू नका!! सोबत येणारी १८-५५ किट लेन्स पूर्ण झूमवर एफ ५.६ ला अडकते (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त प्रकाश आत), तर साध्या ५० एमएम एफ १.८ मधून जवळपास १० पट प्रकाश आत येतो, म्हणजे शटर तेवढा जास्त फास्ट ठेवता येतो आणि ते पळणारं पोरगं शार्प येतं. एपीएस-सी सेन्सरवर (फुल फ्रेमहून लहान) ही ५० एमएम साधारण फुल फ्रेमवरच्या ७५ एमएमसारखी वागते, म्हणजे दृश्य जवळचं आणि अरुंद दिसतं, म्हणून छोट्या खोलीत भिंतीला टेकून उभं राहायची तयारी ठेवा. किंवा ३५ एमएम घ्या, त्यात जास्त रुंद दृश्य मावतं.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका, ए४ कागदावर ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) छापायला ९ सुद्धा पुरतात. त्यापेक्षा बॉडीला लेन्स लावून दहा मिनिटं गळ्यात अडकवून फिरा, मान तेव्हाच दुखायला लागली तर एक साईझ खाली या.