नव्या लॅपटॉपवर कोरी विंडोज टाकताय? या चुका टाळा

बारावीचे निकाल लागले, की प्रवेशाच्या गडबडीत लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या दुकानांतून नव्या लॅपटॉपची खोकी घरोघरी जातात आणि पहिल्याच दिवशी पडद्यावर अँटिव्हायरसच्या चाचणी मुदतीची सूचना, वॉरंटी नोंदणीची खिडकी आणि कोणी न मागितलेले खेळ दिसू लागतात. त्यावर ओळखीतल्या जाणत्या मुलाचा सल्ला ठरलेला असतो, "फॉरमॅट मारून कोरी विंडोज टाक." म्हणजे सगळी डिस्क पुसून विंडोज पहिल्यापासून टाक. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. विंडोज टाकणे हे फार तर तास-दीड तासाचे काम असते. नुकसान होते ते डिस्क पुसण्याआधी ज्या गोष्टी काढून ठेवायला हव्या होत्या, त्या न ठेवल्यामुळे.

मुळात गरज आहे का?

नको असलेले पाच-सहा प्रोग्रामच त्रास देत असतील, तर सेटिंग्जमधील ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ या यादीतून ते काढून टाकणे पुरेसे असते. चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस काढला, की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप सुरू होतो, त्यामुळे संगणक उघडा पडेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. कोरी विंडोज टाकली तरी मायक्रोसॉफ्टने स्वतः घातलेली काही ॲप्स येतातच आणि तीही हातानेच काढावी लागतात, हे आधीच ध्यानात घ्यावे.

तरीही पूर्ण पुसून टाकण्याचा आग्रह सर्वस्वी अनाठायी नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीपासून घातलेला सुपरफिश नावाचा जाहिरातींचा प्रोग्राम उघडकीस आला. तो सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांच्या जागी स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करत असे आणि प्रोग्राम काढून टाकला तरी त्याचे ते प्रमाणपत्र विंडोजमध्ये शिल्लक राहत असे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. त्याच कंपनीच्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्येच (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, चिपवर साठवलेल्या मूळ प्रोग्राममध्येच) अशी सोय होती, की डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकली तरी कंपनीचा प्रोग्राम पुन्हा येऊन बसे. म्हणजे डिस्क पुसणे हा उपाय बऱ्याच अंशी खरा असला, तरी तो सर्वांवर चालतोच असे नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘रिसेट धिस पीसी’ म्हणजे कोरी विंडोज नव्हे. कंपनीने लॅपटॉपसोबत दिलेली ॲप्स रिसेटनंतर बहुधा परत येतात, त्यामुळे ज्यांना ती नकोच आहेत त्यांनी पेनड्राइव्हवरून विंडोज टाकण्याचाच मार्ग धरावा.

पुसण्याआधीची तयारी

भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपसोबत ऑफिसची ‘होम’ (२०२१ च्या आवृत्तीपर्यंत ‘होम अँड स्टुडंट’) आवृत्ती मिळते आणि तिची किंमत ग्राहकाने बिलातच मोजलेली असते. मात्र ती एकदा तरी उघडून स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडावी लागते. न जोडताच डिस्क पुसली, तर पुढे हक्क सिद्ध करताना बिलाची प्रत घेऊन ग्राहक सेवेच्या मागे लागण्याची वेळ येऊ शकते. जोडलेली असेल, तर त्याच खात्यातून ती पुन्हा उतरवून घेता येते.

आपल्याकडे याच ठिकाणी एक चूक सर्रास होते. घाईत असलेला दुकानदार किंवा त्याच्याकडचा पोरगा विंडोज सुरू करून देताना ईमेलच्या जागी स्वतःचा किंवा दुकानाचा पत्ता टाकतो आणि ग्राहक लॅपटॉप सुरू झाल्याच्या आनंदात तिकडे पाहतही नाही. त्यामुळे ऑफिस त्या परक्या खात्याशी जोडले जाते, आणि त्याहून गंभीर म्हणजे डिस्कचे कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी कीसुद्धा त्याच खात्यात जमा होते. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले, की अनेक लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे हे कुलूप, आपोआप चालू होते. पुढे कधी बायोसमधील एखादी सेटिंग बदलली आणि निळ्या पडद्यावर ती की मागितली गेली, तर सहा महिन्यांपूर्वीच्या दुकानदाराला फोन करून त्याचा जुना पासवर्ड आठवायला लावण्यापलीकडे हाती काही उरत नाही. म्हणून लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना ईमेल पत्ता आणि पासवर्ड स्वतःच्या हाताने टाकावा, आणि रिकव्हरी की खात्यातून पाहून कागदावर उतरवून बिलासोबत ठेवावी.

सगळी डिस्क पुसायचीच आहे, तर ही की कशाला, असे कोणी विचारील. की लागते ती मध्येच माघार घ्यावी लागली तर. बायोसमधील सेटिंग बदलून झालेली असते, पेनड्राइव्ह चालत नाही आणि जुनी विंडोज उघडायला जावे, तर ती किल्ली मागते.

ड्रायव्हर, म्हणजे वायफायसारखे भाग विंडोजला चालवता यावेत यासाठीचे छोटे प्रोग्राम, जमा करणे हे उरलेले काम. लॅपटॉपच्या मॉडेलचे पूर्ण नाव घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरून निदान वायफाय आणि स्टोरेज यांचे ड्रायव्हर वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावेत. एचपी, डेल, लेनोवो यांसारख्या कंपन्यांकडून मूळ स्थितीत परत नेणारा रिकव्हरी पेनड्राइव्हही बनवता येतो. तो बनवून ठेवला, तर पुढचे पाऊल निर्धास्तपणे टाकता येते.

पेनड्राइव्ह, डेटा आणि वीज

मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावरचे सगळे पुसले जाते, त्यामुळे लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह त्यासाठी घेऊ नये. विंडोज ११ ची आयएसओ फाइल (सगळी विंडोज एकत्र बांधलेली फाइल) ५ जीबीच्या वर असते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ती उतरवायला बसणे व्यर्थ आहे. तालुक्याच्या गावी मित्राकडे फायबर असेल, तर हे काम तिथेच उरकावे.

भारनियमनाचे वेळापत्रक पाहून काम सुरू करावे. लॅपटॉपला बॅटरी असते हे खरे, पण विंडोज टाकल्यावर पहिल्याच अपडेटमध्ये बायोसचे अपडेटही येऊ शकते आणि ते चालू असताना लॅपटॉप बंद पडणे फार महागात पडते. उन्हाळ्यात दुपारी वीज जाण्याचा भरवसा नसेल, तर सकाळ निवडावी आणि चार्जर शेवटपर्यंत लावून ठेवावा.

डिस्कच दिसत नाही तेव्हा

डेल, लेनोवो आणि एसरच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर एस्केप दाबून एफ९, तर असूसवर एस्केप या कळीने पेनड्राइव्ह निवडण्याची यादी उघडते. इथपर्यंत सगळे सुरळीत होते आणि मग ‘विंडोज कुठे टाकायची’ या पानावर यादी रिकामी दिसते. अनेकांना वाटते की एसएसडी, म्हणजे लॅपटॉपची डिस्क, बिघडली. बहुतेक वेळा तसे काहीही नसते. इंटेल प्रोसेसरच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसेल, तर डिस्क त्याला दिसत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरचा ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर ‘लोड ड्रायव्हर’ या बटणाने दाखवला, की डिस्क लगेच यादीत येते. इथे हमखास होणारी गफलत अशी, की उतरवलेली एक्सई फाइल तशीच पेनड्राइव्हवर ठेवली जाते. इन्स्टॉलरला ती उपयोगाची नसून तिच्या आतला, आयएनएफ फाइल असलेला फोल्डर आधी दुसऱ्या संगणकावर उघडून काढावा लागतो.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणे हा सोपा मार्ग यूट्यूबवर सर्रास सांगितला जातो. डिस्क पुसायची असेल तर तो चालतो. पण बंद केल्यावर जुनी विंडोज मात्र सुरू होत नाही, म्हणून निर्णय पक्का झाल्याशिवाय त्या सेटिंगला हात लावू नये.

डिस्क दिसू लागली, की तिचे भाग पुसण्याआधी आकार वाचावा, कारण पेनड्राइव्ह आणि जोडलेली बाहेरची हार्डडिस्क त्याच यादीत दिसतात. बाहेरची हार्डडिस्क तर या कामाच्या वेळी जोडूच नये. पहिल्या रिस्टार्टनंतर इन्स्टॉलेशन पुन्हा पहिल्या पानावर आले, तर घाबरू नये. लॅपटॉप पुन्हा पेनड्राइव्हवरूनच सुरू झालेला असतो, पेनड्राइव्ह काढून रिस्टार्ट करावे.

शेवटच्या टप्प्यात वायफाय दिसत नाही आणि नेटशिवाय पुढेही जाता येत नाही, अशी कोंडी होते. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे नेट केबलमधून लॅपटॉपला देणे) सुरू केले, की ती सहसा सुटते.

परवाना आणि नंतरची कामे

विंडोजसह विकत घेतलेल्या लॅपटॉपची परवाना की बायोसमध्येच साठवलेली असते, त्यामुळे ती आवृत्ती नेटला जोडताच आपोआप सक्रिय होते. अट एवढीच, की आवृत्ती तीच हवी. होम सिंगल लँग्वेजच्या लॅपटॉपवर प्रो टाकली, तर परवाना लागू होत नाही आणि मग क्रॅक, म्हणजे परवाना चुकवणारा बेकायदा प्रोग्राम, शोधण्याची पाळी येते. ‘हलकी विंडोज’ म्हणून फिरणाऱ्या अनोळखी आयएसओ फाइलींबद्दल माझे मत स्पष्ट आहे. कंपनीने घातलेले चार प्रोग्राम नकोत म्हणून कोणा अनोळखी माणसाने उघडून पुन्हा बांधलेली विंडोज घरात घेणे, हा सौदा तोट्याचा आहे.

आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी बोटांच्या ठशांच्या यंत्राची आरडी सेवा (आधार पडताळणीसाठी ठसे घेणारा प्रोग्राम) आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकल्याशिवाय केंद्र उघडू नये, नाहीतर दारात रांग लागलेली असताना हे ध्यानात येते. मराठी टंकनासाठी वेगळे काही शोधण्याची गरज नाही. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली, की इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक हे दोन्ही कळफलक विंडोजमध्येच मिळतात. जुन्या कार्यालयीन फाइली युनिकोडमध्ये नसतील, तर त्यांचे फाँट मात्र डिस्क पुसण्याआधीच फाँट फोल्डरमधून उचलून ठेवावेत.