रेनमीटर रॅम खातोय? मग या चुका टाळा

विंडोजचा डेस्कटॉप सजवणारा रेनमीटर हा प्रोग्राम टाकला, डेस्कटॉपवर घड्याळ, हवामान, सीपीयूचा मीटर, गाण्याबरोबर नाचणारा व्हिज्युअलायझर सगळं मस्त सजलं, आणि थोड्या दिवसांनी लॅपटॉप अडकायला लागला, टास्क मॅनेजर उघडून बघावं तर रेनमीटर शेकडो एमबी घेऊन बसलेला. अशा वेळी बहुतेक जण सगळ्यात आधी रेनमीटर काढतात आणि परत टाकतात. याने काहीच होत नाही हो! रेनमीटर स्वतः हलका प्रोग्राम आहे, रॅम खाते ती त्याच्यावर चालणारी एखादी स्किन, म्हणजे डेस्कटॉपवर दिसणारं ते घड्याळ, हवामान किंवा मीटर. स्किन्स असतात डॉक्युमेंट्समधल्या रेनमीटर फोल्डरमध्ये आणि सेटिंग असतं अ‍ॅपडेटामध्ये, त्यामुळे वरून नवीन इन्स्टॉल केलं तरी तीच स्किन परत लोड होणार आणि तोच त्रास परत सुरू.

दुसरी चूक, आकडा एकदाच बघून घाबरायचं. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, डिटेल्स टॅबमध्ये रेनमीटर डॉट ईएक्सई शोधा, वर कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून सिलेक्ट कॉलम्समधून कमिट साइझ (प्रोग्रामने स्वतःसाठी राखून घेतलेली एकूण मेमरी) आणि जीडीआय ऑब्जेक्ट्स (पडद्यावर चित्र काढायला लागणाऱ्या फॉन्ट, ब्रशसारख्या गोष्टी) हे दोन कॉलम लावा. आत्ताचे आकडे कुठेतरी लिहून ठेवा आणि तासा-दोन तासांनी परत बघा. आकडा मोठा आहे पण तिथेच आहे, तर स्किनमध्ये काहीतरी जड आहे. आकडा चढतच चाललाय, तर मेमरी लीक आहे, म्हणजे घेतलेली मेमरी परत सोडली जात नाही. हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधही वेगळं, म्हणून आधी हे ठरवा मगच पुढे जा. जीडीआय ऑब्जेक्ट्स वाढत असतील तर जास्त काळजी घ्या, कारण विंडोज एका प्रोसेसला साधारणपणे 10,000 च देतं, ते संपले की खिडक्या आणि मेनू नीट उमटतच नाहीत.

जड स्किनचं कारण बहुतेक वेळा फोटो असतो. लोक म्हणतात फाईल तर 2 एमबीची आहे, पण जेपीजी डिस्कवर दाबून ठेवलेली असते, दाखवायला ती पूर्ण उघडावी लागते. 3840 बाय 2160 चा फोटो, प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट, म्हणजे जवळपास 33 एमबी एका फोटोला. आणि स्किनमध्ये तो दिसतो जेमतेम 300 पिक्सेल रुंद! पेंटमध्ये उघडून लागेल तेवढ्याच मापाचा करून सेव्ह करा.

आता लीक. इथे लोक रॅम क्लीनर टाकतात, कृपा करून टाकू नका. तो मेमरी पेजफाईलमध्ये (डिस्कवरच्या राखीव फाईलमध्ये) ढकलतो, वरचा आकडा खाली येतो पण कमिट साइझ तसाच राहतो, आणि परत ती मेमरी लागली की डिस्कवरून आणताना मशीन अजूनच अडकतं. त्यापेक्षा स्किन पकडा. मॅनेज विंडोमधल्या लेआउट्समध्ये आत्ताची मांडणी सेव्ह करा, मग अर्ध्या स्किन्स अनलोड करा आणि आकडा बघा, चढणं थांबलं तर चोर काढलेल्यांमध्ये आहे, नाहीतर उरलेल्यांमध्ये, असं अर्धं अर्धं करत एका स्किनवर याल. फक्त लक्षात ठेवा, अनलोड करायचं, हाइड नाही, लपवलेली स्किन मागे चालूच असते.

ती सापडली की तिची आयएनआय फाईल उघडा आणि रेनमीटर सेक्शनमधली अपडेटची ओळ बघा. नेहमीची किंमत 1000 मिलिसेकंद असते, म्हणजे सेकंदाला एकदा. व्हिज्युअलायझर गुळगुळीत दिसावा म्हणून कोणीतरी 16 टाकलेलं असतं, म्हणजे सेकंदाला साठहून जास्त वेळा, आणि त्याच फाईलमध्ये घड्याळ, हवामान, लुआ स्क्रिप्ट (लुआ भाषेतला छोटा प्रोग्राम) सगळं कोंबलेलं. स्क्रिप्ट जर दर अपडेटला टेबलमध्ये एक नोंद टाकत असेल आणि काढत नसेल तर ती गळती साठपट वेगाने वाढणार. हवामानाचं तर अजून वाईट, कारण वेबपार्सरचा (साइटवरून माहिती आणणाऱ्या भागाचा) अपडेटरेट सेकंदात नाही तर अपडेटच्या संख्येत मोजला जातो, त्याचे ठरलेले 600 म्हणजे एरवी दहा मिनिटं, पण अपडेट 16 असेल तर दहा सेकंदसुद्धा नाहीत, बिचाऱ्या त्या साइटवर दिवसभर मारा चालू! म्हणून व्हिज्युअलायझर वेगळ्या स्किनमध्ये काढा आणि बाकीचं 1000 वर आणा, किंवा अपडेटडिव्हायडर (दर किती अपडेटनंतर एखादी गोष्ट बदलायची ते ठरवणारी ओळ) वापरून सावकाश बदलणाऱ्या गोष्टी मागे ठेवा.

स्क्रिप्ट स्वतःला जमत नसेल, किंवा दोष बाहेरच्या प्लगिनच्या डीएलएल फाईलमध्ये (तयार कोडच्या फाईलमध्ये) असेल, तर स्किन बनवणाऱ्याला कळवा. "रॅम खातेय" एवढंच लिहिलं तर त्याला काही करता येत नाही, रेनमीटरचं व्हर्जन, सुरुवातीचा आणि तासाभरानंतरचा कमिट साइझ, आणि अबाउट विंडोतल्या लॉग टॅबमध्ये दिसणाऱ्या एररच्या ओळी पाठवा. आणि दुरुस्ती येईपर्यंत ती स्किन अनलोडच असू द्या.