युक्रेनीत चार शब्द बोलायचे तर: कुठे ‘वी’, कुठे ‘ती’

आपण ‘अहो-जाहो करणं’ आणि ‘अरे-तुरे करणं’ म्हणतो, तशी युक्रेनीतही दोन क्रियापदं आहेत: ‘विकाती’ आणि ‘तिकाती’. ‘वी’ म्हणजे तुम्ही, ‘ती’ म्हणजे तू. विनित्सा किंवा तेर्नोपिलला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या मराठी मुलांना इंग्रजीपेक्षा मराठीचाच कान इथे जास्त उपयोगी पडतो. हे दोन शब्द नीट जमले की अर्धं काम झालं.

आधी उच्चार. युक्रेनीत ‘ग’सारखं ऐकू येईल असं वाटणारं एक अक्षर आहे, पण ते चक्क आपला ‘ह’ आहे. ‘किती छान हवा आहे!’ म्हणजे ‘याका हार्ना पोहोदा!’ रशियन शिकलेली माणसं इथे ‘ग’ म्हणतात आणि लगेच ओळखू येतात. आपल्याला काहीच कष्ट नाहीत.

अनोळखी माणसाशी ‘वी’च. दुकानदार, प्राध्यापक, जिन्यात भेटलेल्या शेजारीण काकू, सगळ्यांना ‘दोब्री देन’ (शुभ दिवस). ‘दोब्रोहो द्न्या’ही सर्रास कानावर पडतं, पण भाषेचे जाणकार पहिलंच रूप सुचवतात. सकाळी मात्र ‘दोब्रोहो रान्कु’. ‘प्रिवित’ मित्रांसाठी राखून ठेवा. कोणतं वापरावं कळत नसेल, तर ‘वितायु’ दोन्हीकडे चालतं.

मग नावाने हाक. इथे खरी गंमत आहे. ‘देव’ला हाक मारताना आपण ‘देवा’ म्हणतो, तसं युक्रेनीत जवळजवळ प्रत्येक नाव बदलतं: ओक्साना होते ‘ओक्सानो’, तारास होतो ‘तारासे’, अंद्रिय होतो ‘अंद्रियु’. आदराने बोलायचं तर नावाआधी ‘पाने’ (पुरुषाला) किंवा ‘पानी’ (स्त्रीला) लावा: ‘पानी ओक्सानो’. शाळेतल्या शिक्षकांना आणि वयस्कर डॉक्टरांना नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारतात: ‘इवाने पेत्रोविचु’, म्हणजे पेत्रोचा मुलगा इवान. वडिलांचं नाव मधे लावणाऱ्या आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. शंका असेल तर सरळ विचारा: ‘याक दो वास झ्वेर्तातिस्या?’ तुम्हाला काय म्हणू? असं विचारण्यात कमीपणा मुळीच नाही.

‘याक स्प्रावी?’ जपून. ‘काय चाललंय?’ हा प्रश्न ओळखीच्या माणसाला विचारतात, बिल करणाऱ्या मुलीला नाही. उत्तरात बऱ्याचदा ‘नोर्माल्नो’ किंवा ‘पोतिखेन्कु’ (चाललंय हळूहळू) येतं. त्यात नाराजी शोधू नका.

शेजारणीशी:
— दोब्री देन, पानी ओक्सानो! याक वी? (तुम्ही कशा आहात?)
— द्याकुयु, दोब्रे. आ वी? (धन्यवाद, छान. आणि तुम्ही?)

मित्राशी:
— प्रिवित, तारासे! याक ती?
— नोर्माल्नो. आ ती?

हवा, जेवण, बाग हे विषय सोपे. देशाचं नाव घेताना ‘व उक्रायिनी’ (युक्रेनमध्ये) म्हणा. ‘ना उक्रायिनी’ ही सोव्हिएत काळातली सवय आज अनेकांना टोचते. 2022 पासूनच्या युद्धामुळे बहुतेक घरांत कुणी ना कुणी आघाडीवर आहे, विस्थापित आहे किंवा गेलेलं आहे. म्हणून ‘घरचे कुठे असतात?’ हा आपला नेहमीचा प्रश्न पहिल्या भेटीत नको. ‘याक वी?’ एवढंच विचारा आणि थांबा. बोलायचं असेल तर समोरचा बोलेल.

‘वी’वरून ‘ती’वर. हा पुढाकार वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाकडून येऊ द्या. बरोबरीचे असाल तर ‘मोझ्ना ना ती?’ (‘ती’वर येऊ या का?) असं विचारता येतं. एकदा ‘ती’वर आलात की पुन्हा ‘वी’ म्हणू नका, रागावल्यासारखं वाटतं. लिहिताना एकाच व्यक्तीला आदराने ‘वी’ म्हणायचं असेल तर पहिलं अक्षर मोठं काढतात.

निघताना औपचारिक ‘दो पोबाचेन्न्या’, सोबत ‘हार्नोहो द्न्या’ (दिवस छान जावो). मित्राला ‘बुवाय’ किंवा नुसतं ‘पा-पा’. आणि दारात निरोप घेताना उंबऱ्यावरून हात मिळवू नका, ते अशुभ मानतात. एक पाऊल आत या किंवा त्यांना बाहेर येऊ द्या, मग हात पुढे करा.