डीलरचा कागद आणि गाडीचं मॅन्युअल: अमेरिकेत नव्याने गाडी घेतलेल्यांसाठी

अमेरिकेत पहिली गाडी घेतली की वर्षभरात डीलरचे मेसेज सुरू होतात: तुमच्या गाडीचं ३० हजार मैलांचं मेंटेनन्स ड्यू आहे. आपला माणूस शनिवारी सकाळी ऑईल बदलायला म्हणून जातो आणि पाच-सहाशे डॉलर देऊन बाहेर पडतो. बिलात काय काय आहे हे घरी येऊन वाचतो, आणि मग व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारतो की हे सगळं लागतं का हो. पैसे द्यायच्या आधी विचारणारे फार थोडे.

गोंधळाचं मूळ ‘सर्व्हिसिंग’ या शब्दात आहे. भारतात गाडी सकाळी सर्व्हिसिंगला टाकायची, संध्याकाळी धुऊनपुसून आणायची, मध्ये जे झालं त्याला सर्व्हिसिंग म्हणायचं. इथे त्या नावाचं एकसंध काम नाही. ऑईल, फिल्टर, टायर रोटेशन (टायरांच्या जागा आपसात बदलणं), ब्रेक फ्लुइड, प्रत्येकाची किंमत वेगळी आणि प्रत्येकाला वेगळं ‘नको’ म्हणता येतं. ‘३० हजारचं पॅकेज’ म्हणजे दुकानदाराने बांधलेली पुडी. ती सोडून आत काय आहे ते बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

याद्या दोन असतात. एक गाडी बनवणाऱ्या कंपनीची. ती ग्लव्ह बॉक्समधल्या पुस्तिकेत असते, आणि पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल आणि वर्ष टाकून फुकट उतरवून घेता येते. दुसरी डीलरची. ती काउंटरवर लॅमिनेट करून ठेवलेली असते आणि तिच्यावर कंपनीचाच लोगो असतो, म्हणून ती कंपनीचीच वाटते. ती डीलरची असते. डीलर हा स्वतंत्र धंदा आहे आणि तुमच्याशी गोड बोलणाऱ्या सर्व्हिस अॅडव्हायझरला बऱ्याच ठिकाणी विक्रीवर कमिशन असतं. माणूस वाईट असतो असं नाही, पण त्याचा पगार तुमच्या ‘हो’वर ठरतो.

तेव्हा जाण्याआधी दोन याद्या शेजारीशेजारी ठेवा. पुस्तिकेत आहे ते वेळेवर करा. पुस्तिकेत नाही ते करू नका, निदान त्या दिवशी तरी नाही (एक अपवाद पुढे येतो).

आता वॉरंटीची भीती. ‘बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल’ हे वाक्य आपल्या लोकांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. अमेरिकेत १९७५चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. त्यानुसार कंपनी फुकट करून देत नसेल तर ‘आमच्याचकडे आणि आमच्याच ब्रँडच्या पार्टने काम करा, नाहीतर वॉरंटी नाही’ अशी अट तिला घालता येत नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये करा किंवा स्वतः करा, वॉरंटी राहते. मात्र काम केलंच नाही आणि त्यामुळे बिघाड झाला, तर कंपनी हात वर करू शकते, आणि तेव्हा काम केल्याचा पुरावा तुम्हाला द्यावा लागतो.

म्हणून पावती. पावती, पावती आणि पावती. तारीख, ओडोमीटरचा आकडा, ऑईलचा ग्रेड, फिल्टरचा पार्ट नंबर, गाडीचा व्हिन (ओळख क्रमांक), हे सगळं कागदावर हवं. घरी ऑईल बदलत असाल तर ऑईलच्या आणि फिल्टरच्या खरेदीची पावती, आणि त्याच दिवशी ओडोमीटरचा फोटो. थर्मल कागदावरची अक्षरं काही काळाने पुसट होतात, म्हणून स्कॅन करून ठेवा. इंजिनचं मोठं काम वॉरंटीत मागायला गेलात की पहिला प्रश्न ऑईलच्या नोंदींचा येतो. आपल्याकडे कॉस्टकोच्या पावत्या टीव्हीच्या खोक्यासकट दहा वर्षं जपून ठेवणारी माणसं आहेत आणि तीच गाडीची पावती कपहोल्डरमध्ये विरघळू देतात, हे काही केल्या कळत नाही.

पुस्तिकेत साधारण काय असतं ते पाहू. सिंथेटिक ऑईल वापरणाऱ्या बहुतेक नव्या टोयोटांना १० हजार मैल किंवा १२ महिने, जे आधी येईल ते. टायर रोटेशन ५ हजार मैलांवर. नवी टोयोटा असेल तर पहिली २ वर्षं किंवा २५ हजार मैल कंपनीचं ठरलेलं मेंटेनन्स फुकट असतं, ते जरूर वसूल करा. फक्त त्या फुकटच्या फेरीत वर काय चिकटवतात तेवढं बघा. होंडात आकड्यांच्या यादीऐवजी डॅशबोर्डवर कोड येतो: ए म्हणजे ऑईल, बी म्हणजे ऑईल, फिल्टर आणि ब्रेक वगैरेंची तपासणी. पुढचे आकडे असे: १ टायर रोटेशन, २ एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर, ३ ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) फ्लुइड, ४ स्पार्क प्लग (आणि टायमिंग बेल्ट असेल तर तोही), ५ कूलंट, ६ मागच्या डिफरन्शियलचं फ्लुइड, ७ ब्रेक फ्लुइड. ‘बी१२’ दिसलं तर त्यात ट्रान्समिशन नाही. तरीही काउंटरवर ते सुचवलं गेलं तर ‘कोडमध्ये ३ नाहीये’ एवढं म्हटलं की विषय तिथेच संपतो.

याच पुस्तिकेत पुढे ‘सिव्हियर’ वापराचा भाग असतो आणि तो आपले लोक वाचत नाहीत. घर ते ऑफिस ३ मैल, शिकागोची जानेवारी, गाडी तापायच्या आत बंद: हा सिव्हियर वापर. इंजिन पूर्ण गरम झालं नाही की ऑईलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, ते तसंच साचतं. टोयोटा ५ मैलांपेक्षा कमी आणि शून्य सेल्सियसच्या खालच्या वारंवार फेऱ्यांना याच गटात धरते आणि ऑईल ५ हजार मैलांवर किंवा ६ महिन्यांवर बदलायला सांगते. डीलर ‘तुमचा वापर सिव्हियर आहे’ म्हणाला तर लगेच खोटं समजू नका, पण ठरवायचं तुम्ही, त्याने नव्हे.

ज्याला ठाम नाही म्हणायचं ते सांगतो. इंजिन फ्लश (इंजिन आतून रसायनाने धुणं): नको. फ्युएल इंजेक्टर क्लीनिंग: गाडी नीट चालत असेल तर नको, त्यापेक्षा नेहमी टॉप टियर (इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्यं जास्त असलेल्या पेट्रोलची खूण) लिहिलेल्या पंपावर पेट्रोल भरा, कॉस्टकोचा पंप त्यातच येतो. टायरमध्ये नायट्रोजन: हवेत तो ७८ टक्के असतोच. एसीचं ‘रिफ्रेश’ म्हणजे सुगंधी फवारा. पॉवर स्टीअरिंग फ्लश तर आधी बॉनेट उघडून बघा. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टीअरिंग विजेवर चालतं, त्यात फ्लुइडच नसतं, तरी छापील मेनूवर ती ओळ असतेच.

केबिन फिल्टर लागतो, पण तो डीलरकडून बदलून घेऊ नका. पार्ट पंधरा-वीस डॉलरचा, डीलरकडे ऐंशीच्या घरात. कोरोला, कॅमरी, सिव्हिक, सीआर-व्ही यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करा, बाजूची छोटी दांडी सोडवा, दोन्ही कडा आत दाबल्या की बॉक्स खाली लोंबतो. समोर आडवं झाकण दिसेल, ते काढून जुना फिल्टर ओढायचा. नवा घालताना त्याच्यावरचा हवेच्या दिशेचा बाण जुन्यासारखाच ठेवायचा. दहा मिनिटं. इंजिनचा एअर फिल्टर याहून सोपा, बॉनेटखाली काळ्या डब्याच्या दोन-चार क्लिपा.

आता जे सांगण्यासाठी हा सगळा प्रपंच. डीलर लुबाडतो हे एकदा कळलं की आपला माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि काहीच करत नाही. सगळ्यात महाग चूक तिथे होते, आणि ती बहुतेक वेळा होंडाच्या ओडिसी या मोठ्या फॅमिली व्हॅनमध्ये होते. पोरं झाली, आईबाबा येणार, की जुनी ओडिसी घ्यायची हा आपल्याकडचा ठरलेला मार्ग. त्यात सहा सिलिंडरचं इंजिन आहे आणि त्याचा टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा, रबरी आहे. कॅमरी-कोरोलाच्या चार सिलिंडरच्या इंजिनात साखळी असते, ती बदलावी लागत नाही, म्हणून कोरोलावाल्या मित्राने दिलेला ‘काही करू नकोस’ हा सल्ला ओडिसीला लागू नाही. हा बेल्ट साधारण १ लाख मैलांवर बदलायचा, आणि मैल कमी असले तरी रबर वयाने कडक होतं, म्हणून सात-आठ वर्षांनंतर थांबू नये. फार उष्ण किंवा फार थंड भागात होंडा ६० हजारांवर बदलायला सांगते, फिनिक्सवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, आणि हजार-बाराशे डॉलरचं काम कित्येक हजारांवर जातं. तेही हायवेवर, कुठलीही पूर्वसूचना न देता.

यात एक खाच आहे. डॅशबोर्डवर कोड ४ आला, गाडी ऑईल बदलायला दिली, गॅरेजमधल्या पोराने ऑईल बदललं आणि सवयीने मीटर रीसेट केलं. कोड गेला, बेल्ट तोच राहिला. नव्या मालकाला डॅशबोर्डवर काहीच दिसत नाही. म्हणून गाडी देण्याआधी कोडचा फोटो काढा, आणि जुनी ओडिसी घेताना बेल्ट बदलल्याची पावती मागा. ‘केलाय हो’ हे विधान आहे, पावती नव्हे. पावती नसेल तर बदललेला नाही असं धरून तेवढे पैसे किमतीतून कमी करा. बेल्टबरोबर वॉटर पंप आणि बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही बदलायचा, कारण मजुरी तीच आणि पुन्हा तेवढंच उघडावं लागतं.

दुसरं असं काम ट्रान्समिशन फ्लुइडचं. ‘लाइफटाइम’, म्हणजे कधी बदलायलाच नको, असं कुठे वाचलं तर हे लक्षात घ्या की आपली गाडी पाळायला स्वस्त दिसावी हा कंपनीचाही स्वार्थ आहे. दीड-दोन लाख मैल चालवायचा विचार असेल तर ६० हजारांच्या आसपास एकदा बदलून घ्या. मशिनने दाब देऊन केलेला फ्लश नको, साधं काढून-भरणं हवं. आणि फ्लुइड कंपनीने सांगितलेलंच: होंडाच्या सीव्हीटीला (गिअरच्या पायऱ्या नसलेलं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन) एचसीएफ-२, निसानच्या सीव्हीटीला एनएस-३. सगळ्या गाड्यांना चालणारं ‘युनिव्हर्सल’ फ्लुइड सीव्हीटीत घालू देऊ नका. या एका कामाला डीलरकडे थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

तपासणीनंतर हिरवा-पिवळा-लाल कागद मिळतो. रंग बघू नका, आकडे विचारा. ब्रेक पॅड नवा असताना दहा-बारा मिलिमीटर असतो, ३वर आला की बदलायचा. ५ मिलिमीटरला पिवळा रंग देऊन ‘आजच करून टाकू’ म्हणतात, त्यात अजून बरेच महिने असतात. टायरच्या खाचांची खोली इंचाच्या बत्तिसाव्या भागात मोजतात: नवा साधारण १०, बहुतेक राज्यांत कायद्याची किमान मर्यादा २. पेनी (एक सेंटचं नाणं) तिच्यावरच्या लिंकनचं डोकं खाली करून खाचेत घाला, डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसला तर टायर संपला. बर्फाच्या राज्यात ४वरच बदला.

काउंटरवर नाही म्हणायला आपल्याला लाज वाटते. समोरचा ‘सर’ म्हणतो, कॉफी देतो, मग त्याला कसं नाही म्हणायचं. आणि नाही म्हणायचं ठरलंच तर आपण घासाघीस सुरू करतो, तिची इथे गरज नाही. ‘आज फक्त ऑईल आणि रोटेशन, बाकीचं कोटेशन लिहून द्या’ एवढं पुरतं, कोणी वाईट मानत नाही. लेखी एस्टिमेटशिवाय किल्ली देऊ नका. कॅलिफोर्नियात तर लेखी एस्टिमेट देणं आणि त्याहून जास्त काम करण्याआधी तुमची परवानगी घेणं गॅरेजला बंधनकारक आहे, आणि काढलेले जुने पार्ट आधी सांगितलं तर परत मिळतात.

रिकॉलसाठी (गाडीत दोष निघाल्यावर कंपनीने दुरुस्तीला परत बोलावणं) मात्र डीलरकडेच जा, ते काम फुकट असतं. एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या साइटवर १७ अक्षर-अंकांचा व्हिन टाकला की बाकी असलेले रिकॉल दिसतात. जुनी गाडी घेतली त्याच दिवशी हे करा. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाची ही कामं लागू नाहीत, पण टायर, केबिन फिल्टर, ब्रेक फ्लुइड आणि रिकॉल बघावेच लागतात.

बाकी कामांना एएसई (मेकॅनिकांची परीक्षा घेणारी संस्था) प्रमाणपत्र असलेले मेकॅनिक असलेलं स्वतंत्र गॅरेज गाठा. दहा मिनिटांत ऑईल बदलून देणाऱ्या साखळी दुकानांपासून जपून. तिथे घाई असते आणि पोरं नवी असतात. सुबारूत ऑईलऐवजी सीव्हीटीचा बोल्ट उघडून फ्लुइड काढायचं आणि आधीच भरलेल्या इंजिनात आणखी ऑईल ओतायचं, हा प्रकार पुरेसा कुप्रसिद्ध आहे. म्हणून कुठेही ऑईल बदललं तरी पार्किंगमधून निघण्याआधी पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घालून बघा: पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी, वरच्या खुणेच्या वर नको. ऑईलचं झाकण घट्ट आहे ना, गाडीखाली थेंब नाही ना, एवढं पाहा. आणि काचेवर ‘पुढची सर्व्हिस ३ हजार मैलांनी’ असा स्टिकर चिकटवलेला असेल तर तो तिथेच सोलून काढा आणि पुस्तिकेतला आकडा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.