कारखान्याच्या हिशेबाला सॉफ्टवेअर: फुकट, मुक्त की विकतचं?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या मामांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बिलं आणि पार्ट्यांची उधारी त्यांनी दोन वर्षं मोबाइलवरच्या एका फुकट ॲपमध्ये ठेवली. तिसऱ्या वर्षी ठरावीक बिलांपुढे ॲप पैसे मागू लागलं. मामा पैसे द्यायलाही तयार होते. पण सीएंनी जुन्या नोंदी एक्सेलमध्ये मागितल्या, आणि ॲपमधून निघाले ते एकेका बिलाचे सुटे पीडीएफ. मी आणि मामेबहिणीने कितीतरी रविवार बसून ती बिलं हाताने पुन्हा चढवली. तेव्हापासून कुणी ‘फुकटचं घेऊ की विकतचं?’ असं विचारलं, की मी किमतीच्या आधी हेच विचारतो: तुमचा हिशेब त्यातून सगळाच्या सगळा बाहेर काढता येतो का?

आधी शब्द नीट करून घेऊ. इंग्रजीतल्या ‘फ्री’मध्ये दोन अर्थ आहेत, मराठीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे ते सॉफ्टवेअर वापरायची, त्यात बदल करायची आणि दुसऱ्याला द्यायची मोकळीक परवान्यातच लिहिलेली असते. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू हा मुक्त संगणक प्रणाली बनवण्याचा प्रकल्प जाहीर केला तो या मोकळिकीसाठी. लिब्रेऑफिस (पत्रं आणि तक्ते), जीएनयूकॅश (हिशेब), ईआरपीनेक्स्ट (हिशेबापासून मालापर्यंत सगळा धंदा) ही मुक्त सॉफ्टवेअर. मामांचं ॲप फुकट होतं, मुक्त नव्हतं. त्याच्या मालकाने नियम बदलला आणि आमच्या हातात काही उरलं नाही. मुक्त सॉफ्टवेअर बनवणारे उद्या थांबले, तरी तुमच्याकडची प्रत चालत राहते.

मुक्त म्हणजे बिनखर्चाचं मात्र नव्हे. ईआरपीनेक्स्ट मुंबईची फ्रॅपे ही कंपनी बनवते आणि ते कुणालाही उतरवून घेता येतं. पण ते चालवायला सर्व्हर लागतो आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. तसा माणूस नसेल तर पैसे भरून ते कंपनीच्याच सर्व्हरवर चालवायची सोय आहे.

पहिलं काम: कारखान्याचा दिवस कागदावर उतरवा

संगणकाकडे जाऊ नका. वही घ्या आणि एका आठवड्यात कुठले कुठले व्यवहार होतात ते लिहा. सूत आलं, रंगाईला गेलं, परत किती आलं. माल डझनावर विकला की नगावर. कामगारांची मजुरी कशी धरता. कुठल्या पार्टीची किती दिवसांची उधारी चालते. दिवाणजींना आणि माग चालवणाऱ्यांना विचारल्याशिवाय ही यादी पुरी होत नाही, कारण मालकाच्या लक्षात नसलेले व्यवहार त्यांच्या लक्षात असतात.

मग प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे रोज लागतं, की वर्षातून दोनदा? विकणारा माणूस पन्नास सोयी दाखवतो. तुमच्या यादीत नसलेल्या सोयीचे पैसे देऊ नका.

दुसरं काम: कायद्याने काय बंधनकारक आहे ते सीएंकडून लिहून घ्या

वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला माल विकताना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, काढावं लागतं. तुमची फर्म प्रोप्रायटरी किंवा भागीदारी नसून कंपनी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. कंपनी असाल तर या एका अटीवरच बरीच साधी ॲप बाद होतात.

दर बदलले तर काय, हेही विचारा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे निघाले आणि बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत गेल्या, तेही आर्थिक वर्षाच्या मधोमध. अशा वेळी विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल कंपनीकडून येतो. जीएनयूकॅशसारख्यात कराचे दर तुम्हालाच बसवावे लागतात. हिशेबाची जाण असलेल्याला ते जड नाही, पण ते कुणाचं काम हे आधीच ठरलेलं हवं.

तिसरं काम: दहा अवघड बिलं

नमुन्याच्या बिलावर कुठलंही सॉफ्टवेअर छान चालतं. म्हणून आपली खरी दहा बिलं निवडा, तीही किचकट. एक पुण्याच्या पार्टीचं, एक विजयपूरचं, एक हैदराबादचं. आपल्याकडे कर्नाटक आणि तेलंगणा इतके जवळ आहेत की रोजच्या बिलांत केंद्र-राज्य कर (राज्यातल्या विक्रीवरचा) आणि आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा) शेजारी शेजारी येतात, आणि पार्टीचं राज्य पाहून सॉफ्टवेअरने तो आपोआप बदलायला हवा. एक बिल अर्धा डझन माल परत आल्याचं घ्या. एक चलन रंगाईला पाठवलेल्या सुताचं घ्या, ज्यात विक्री नाही पण माल बाहेर गेलाय. ५० हजार रुपयांवरचा माल राज्याबाहेर जाताना ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं ऑनलाइन काढलेलं बिल, लागतं, तेही एक करून पाहा.

हे सगळं तुम्ही नाही, रोज बिल करणाऱ्या माणसाने करायचं. तो कुठे अडतो ते शेजारी बसून बघा.

चौथं काम: बाहेरचा रस्ता

माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो, म्हणून याला वेळ द्या. दहा बिलं भरली की ती सगळी एका फाइलमध्ये बाहेर काढा. एक्सेल, सीएसव्ही किंवा एक्सएमएल असं, दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येणारं काहीतरी हवं. पीडीएफ चालणार नाही, पीडीएफ वाचायला असतो, पुन्हा हिशेब करायला नाही. निघालेली फाइल दुसऱ्या संगणकावर लिब्रेऑफिसमध्ये उघडा. पार्टीचं नाव, जीएसटी क्रमांक, तारीख, नग, दर, कर हे रकाने वेगवेगळे आले का? बेरीज जुळली का? मालाची आणि पार्ट्यांची यादीही अशीच निघते का? टॅली या हिशेबाच्या विकतच्या सॉफ्टवेअरमधून एक्सेल आणि एक्सएमएल दोन्ही निघतं. म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर असलं की अडकलोच, असंही नाही.

जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. सहा वर्षांत ॲप बंद पडेल, संगणक बदलेल, दिवाणजी बदलतील. नोंदी तरीही उघडता आल्या पाहिजेत.

इथेच फॉन्टचीही गोष्ट. आपल्याकडच्या जुन्या संगणकांत मराठी दरपत्रकं आणि पार्ट्यांच्या याद्या युनिकोडच्या (कुठल्याही संगणकावर तीच अक्षरं दिसतात अशा पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर अर्थहीन अक्षरांची रांग दिसते. नवं काही घ्याल तेव्हा त्यात मराठी, आणि घरात तेलुगू लिहिणारं असेल तर तेलुगूही, युनिकोडमध्येच जातंय याची खात्री करा. जुन्या फाइली फॉन्ट हाताशी आहे तोवर बदलून घ्या. ‘मुक्त’ (Mukta) नावाच्या फॉन्टसारखे सुंदर देवनागरी फॉन्ट मोकळ्या परवान्यावर मिळतात, फॉन्टसाठी कुणापाशी अडकायचं कारण नाही.

पाचवं काम: तीन वर्षांचा खर्च मांडा

किंमत आता. कागदाचे दोन रकाने करा. विकतच्या बाजूला परवाना, त्यावरचा १८ टक्के जीएसटी आणि दरवर्षीचं नूतनीकरण. ‘कायमचा परवाना’ ऐकलं तरी नूतनीकरण विचाराच. टॅलीचा परवाना कायमचा घेता येतो, पण नव्या आवृत्त्या मिळत राहाव्यात म्हणून वर्गणी वेगळी असते. किती संगणकांवर चालेल हेही विचारा. मुक्तच्या बाजूला बसवून देणाऱ्याचे पैसे, सर्व्हर, शिकवण्यात गेलेले दिवस. हे दिवस मजुरीच्या हिशेबात धरा, नाहीतर मुक्तची बाजू उगाच स्वस्त दिसते.

तिसरा रकाना काही जण मनातल्या मनात करतात, तो क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचा. तो कृपा करून करू नका. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. शिवाय अशा प्रतीबरोबर येणारा व्हायरस सगळा हिशेब कुलपात घालू शकतो.

सहावं काम: अडलं तर कोण येणार?

विवरण भरायच्या आदल्या संध्याकाळी सॉफ्टवेअर अडलं तर कोणाला फोन कराल? नाव आणि नंबर लिहून ठेवा. टॅली येणारी मुलं सोलापुरात सहज मिळतात, वाणिज्य शाखेची बरीच मुलं ते शिकून बाहेर पडतात. ईआरपीनेक्स्ट येणारा माणूस शोधावा लागेल. एकच मिळाला तर तो गाव सोडून गेल्यावर काय, तेही आत्ताच विचारा.

मग घ्यायचं काय? महिन्याला पन्नास-साठ बिलं असलेल्या छोट्या फर्मने पत्रं, दरपत्रकं आणि मजुरीचे तक्ते बिनदिक्कत लिब्रेऑफिसमध्ये करावेत. तिथे विकतचं ऑफिस सॉफ्टवेअर घेणं मला अजिबात पटत नाही. जीएसटीचा हिशेब मात्र सीएंना सवयीच्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवावा, तो पैसा वाया जात नाही. मागांची संख्या मोठी असेल, सूत-रंगाई-शिलाईची टप्प्याटप्प्याने नोंद ठेवायची असेल आणि संगणकाची जाण असलेलं घरातलं कुणी असेल, तर ईआरपीनेक्स्ट जरूर करून बघावं. विंडोज १० ची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यावरचा जुना संगणक फेकण्याआधी त्यात विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मुक्त संगणक प्रणाली टाकून पाहा, लिब्रेऑफिस आणि जीएनयूकॅश त्यावर चालतात.

बदल १ एप्रिलला करा, म्हणजे वर्ष मधे तुटत नाही. मार्च महिनाभर जुनं आणि नवं दोन्हीत बिलं भरा आणि दर शनिवारी दोन्हींची बेरीज ताडून पाहा. ३१ मार्चला जुन्यातला सगळा हिशेब बाहेर काढून दोन पेनड्राइव्हवर घ्या. एक कारखान्यात, एक घरी. दर सहा महिन्यांनी त्यातली एखादी फाइल उघडून पाहायची, हे कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.